वाहती हवा, अस्तराचा डक्ट आणि भिंतीलगतचा पातळ थर

हवा वाहून नेणाऱ्या डक्टला आतून ग्लासवूलचं अस्तर लावलं की पंख्याची घरघर कमी होते. त्यासाठीचं सोपं सूत्र अमेरिकेत हेल सेबाइन यांनी १९४० साली दिलं: डक्टच्या छेदाचा घेर भागिले त्याचं क्षेत्रफळ, आणि त्याला अस्तराच्या शोषणाचा हिशेब. ६० बाय ६० सेंटिमीटरचा चौकोनी डक्ट आणि १२० बाय ३०चा चपटा डक्ट घ्या. क्षेत्रफळ तेच, पण चपट्याचा घेर सव्वापट. म्हणजे तेवढ्याच लांबीत सव्वापट डेसिबल कमी होतात. या सूत्रात हवेच्या वेगाला जागाच नाही. इमारतीत ते खपून जातं, कारण तिथली हवा ध्वनीच्या तुलनेत फारच हळू असते.

जेट इंजिनात मात्र ते चालत नाही. १९५८ साली जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये मायर, मेखेल आणि कुर्त्से यांनी अस्तर लावलेल्या नळीतून वारा सोडून मोजमापं केली. वाऱ्याबरोबर जाणारा आवाज अस्तरापुढून लवकर निसटतो, म्हणून कमी विरतो. वाऱ्याविरुद्ध जाणारा जास्त. वरच्या पट्टीत, म्हणजे जास्त वारंवारतेच्या आवाजात, मात्र गणित उलटू शकतं. भिंतीजवळ हवा मंद असते, त्यामुळे विरुद्ध दिशेने जाणारा आवाज मध्याकडे वळतो आणि अस्तराला चुकवतो. इंजिनाच्या तोंडातून पुढे येणाऱ्या पंख्याच्या आवाजाचं हेच होतं.

मग हिशेब करताना भिंतीवर नेमकी कोणती अट लावायची, म्हणजे हवेतला ध्वनी आणि अस्तर यांचं नातं कसं मांडायचं? माझ्या मते या विषयाचा खरा इतिहास इथेच आहे. १९५९ साली उनो इंगार्ड यांनी भिंतीलगतचा मंद थर शून्य जाडीचा मानला आणि सांगितलं की त्याच्या दोन्ही बाजूंना हवेच्या कणांचा वेग नव्हे, विस्थापन (कण जागेवरून किती सरकतात ते) जुळवायचं. मायर्स यांनी १९८० साली हीच अट वक्र भिंतींसाठी मांडली. दरम्यान अमेरिकेने १९६९ साली विमानांच्या आवाजावर नियम आणले. इंजिनांच्या आवरणात आतून भोकांचा पत्रा आणि त्यामागे मधाच्या पोळ्यासारखे कप्पे बसू लागले, तेव्हा हिशेबाला हीच अट हाताशी होती.

पुढे तिच्यातली खोट उघड झाली. २००९ साली ब्रॅम्बली यांनी दाखवलं की शून्य जाडीच्या थरामुळे समीकरणंच गणिती दृष्ट्या बिघडतात. २०११ साली फ्रान्समध्ये रेनू आणि ओरेगाँ यांनी एकाच अस्तराचा ध्वनिरोध (ध्वनीच्या दाबाला अस्तर किती अडवतं त्याचं माप) ही अट धरून वाऱ्याच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने मोजला, तर दोन वेगळी उत्तरं आली. अस्तर तर तेच होतं. त्याच वर्षी ब्रॅम्बली यांनी सुधारलेली अट मांडली. तिच्यात त्या थराची जाडी धरलेली आहे.