चार ब्राउझर, इंजिन मात्र एकच

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, चारही ठिकाणी साइट तपासली असं टीममधल्या कुणी सांगितलं की मी विचारते, इंजिनं किती तपासली? कारण या चारही ब्राउझरांच्या पोटात ब्लिंक हे एकच इंजिन आहे.

टॅब, बुकमार्क, साठवलेले पासवर्ड, जाहिराती अडवणं, हे सगळं ब्राउझरचं. एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि रचना) वाचणं, सीएसएसप्रमाणे (दिसण्याचे नियम) प्रत्येक चौकटीची जागा ठरवणं आणि पान रंगवणं हे काम इंजिनाचं. जावास्क्रिप्टसाठी त्याच्या जोडीला आणखी एक इंजिन असतं, क्रोममध्ये व्ही-8. सीएसएसचं एखादं नवं फीचर चालेल की नाही, हे मुख्यतः इंजिनावरच ठरतं.

एजचंच बघा. 2015 मध्ये तो आला तेव्हा मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एजएचटीएमएल त्यात होतं. जानेवारी 2020 मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या मुळाशी असलेल्या, ब्लिंक वापरणाऱ्या खुल्या प्रकल्पावर बेतलेला एज आला. नाव तेच राहिलं, पण आतलं यंत्र बदललं. ऑपेरानेही 2013 मध्ये आपलं प्रेस्टो सोडलं. त्याची मला अजून हळहळ वाटते. वेबचं एकच मानक (ब्राउझरांनी पाळायचे लेखी नियम) वेगवेगळ्या लोकांनी वाचून इंजिन लिहिलं, की त्या मानकातल्या संदिग्ध जागा सापडतात. आता मुख्य इंजिनं तीनच उरली आहेत: ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातही ब्लिंक हा 2013 मध्ये वेबकिटलाच फुटलेला फाटा.

आयफोनवर गोष्ट उलटी होते. आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमचं चिन्ह क्रोमचं असलं, तरी पान रंगवतं वेबकिटच, कारण ॲपलचा तसा नियम आहे. युरोपीय संघात मार्च 2024 पासून दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली, भारतात नाही. म्हणून ‘आयफोनच्या क्रोममध्ये पान मोडतंय’ अशी तक्रार आली, तर आधी सफारीत उघडून बघा. तिथेही मोडत असेल, तर वेबकिटच्या अंगाने शोध घ्या.

सफारी तपासायला मॅक जवळ नसेल तर प्लेराइट हे मोफत साधन घ्या. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट या तिन्हींवर चाचण्या चालवतं, विंडोज आणि लिनक्सवरसुद्धा. एखादं फीचर वापरायचं की थांबायचं, यासाठी मी ‘बेसलाइन’ची खूण बघते; फीचर मुख्य ब्राउझरांत कितपत पोचलंय, हे ती सांगते. मुख्य ब्राउझरांत सगळीकडे ते आल्यावर 30 महिने उलटले, की त्याला ‘सर्वत्र उपलब्ध’ म्हणतात.

मराठी साइट असेल तर एवढ्यावर थांबू नका. जोडाक्षरांची जुळणी ब्लिंक आणि गेको हार्फबझ या लायब्ररीकडून (तयार कोडच्या संचाकडून) करून घेतात, ॲपलच्या उपकरणांवरचं वेबकिट मात्र ते काम ॲपलच्याच कोअर टेक्स्टकडून करून घेतं. विंडोजवरच्या प्लेराइटच्या वेबकिटमध्ये कोअर टेक्स्ट नसतं. त्यामुळे ‘स्त्री’च्या पहिल्या अक्षराला मोठा आकार दिला असेल किंवा शीर्षकातली अक्षरं सुटी केली असतील, तर ते पान खऱ्या आयफोनवर एकदा उघडून बघाच.