प्रश्न भाषांतरित झाले, कटऑफचं काय?

मुलांच्या मानसिक आरोग्याच्या चाळणीसाठी आज जगभर ज्या प्रश्नावल्या फिरतात, त्यातल्या बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत घडल्या. मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९६०च्या दशकात इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या पाहणीत पालक-शिक्षकांकडून आपल्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. अमेरिकेत थॉमस आखेनबाख यांची सीबीसीएल (चाइल्ड बिहेवियर चेकलिस्ट) ही लांबलचक प्रश्नावली आली. १९९७ साली रॉबर्ट गुडमन यांनी एसडीक्यू (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर) ही मुलांच्या वागण्याविषयीची प्रश्नावली मांडली. अवघी २५ विधानं, त्यामुळे ती झपाट्याने पसरली.

भाषांतराची रीत तोवर रुळली होती. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने मूळ न बघता ते उलट इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही ताडून पाहायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७०मध्ये ही पद्धत नीट मांडली. तिने वाक्यं जुळतात की नाही ते कळतं, त्यापलीकडे फारसं नाही.

खरी मेख निराळीच होती. १९८०च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन वाइझ आणि त्यांच्या थाई सहकाऱ्यांनी अमेरिका आणि थायलंड या दोन्ही देशांतल्या क्लिनिकमधल्या नोंदी तपासल्या. थायलंडमध्ये भित्रेपणा, अबोलपणा अशा तक्रारी जास्त, तर अमेरिकेत मारामारी, उद्धटपणा. पुढे त्यांनी दोन्हीकडच्या मोठ्यांना मुलांची सारखीच वर्णनं वाचायला दिली. थाई मंडळींना काळजी कमी वाटली. वयानुसार सुधारेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे पालक फॉर्मवर खूण करतात ती मुलाच्या वागण्याइतकीच स्वतःच्या सहनशक्तीचीही असते.

आता एसडीक्यूचे गुण पाहा. एकूण अडचणींचे जास्तीत जास्त ४० गुण. पालकांनी भरलेल्या फॉर्मवर १७ किंवा जास्त आले की मूल धोक्याच्या गटात. ही सीमारेषा म्हणजेच कटऑफ. हा आकडा ब्रिटिश मुलांतली साधारण वरची दहा टक्के वेगळी पडावीत म्हणून ठरला. तो इतरत्र जसाच्या तसा लावणं हे मला भाषांतराच्या चुकीहून गंभीर वाटतं. बांगलादेश, येमेन, नॉर्वे, ब्राझील यांच्यासह सात देशांची माहिती २०१२मध्ये एकत्र तपासली, तेव्हा प्रश्नावलीच्या गुणांवरून कुठे विकार जास्त, कुठे कमी, याचा भरवशाचा अंदाज बांधता आला नाही.

उत्तर युगांडात थेरेसा बेटनकोर्ट यांच्या गटाने उलटीकडून सुरुवात केली. आधी अचोली लोकांना विचारलं, युद्धात होरपळलेल्या मुलांना काय होतं? त्यांच्या उत्तरांतून प्रश्नावली बांधली.

स्थानिक कटऑफ ठरवायचा तर ज्या मुलांचे फॉर्म भरले, त्यांनाच तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. असे तज्ज्ञ जिथे मोजकेच, तिथे ही पायरी गाळली जाते आणि १७चा आकडा तसाच चालू राहतो.