‘केंत’ आणि ‘कलोर’: पाणी गरम, माणूस नाही

पोर्तुगीज शिकणारा मराठी माणूस पहिल्याच उन्हाळ्यात ‘इश्तो केंत’ म्हणून मोकळा होतो. त्याला सांगायचं असतं, ‘मला गरम होतंय.’ ऐकणारा मात्र याला ताप आलाय असं समजतो, नाहीतर स्वारी भलत्याच रंगात आलीय असं समजून हसतो. मीही ते हसू झेललंय.

‘केंत’ म्हणजे गरम, पण हात लावल्यावर कळणारं गरम: चहा, तवा, कपाळ. लिस्बनमध्ये नळावर लाल खुणेपाशी ‘क्यू’ (Q) हे अक्षर दिसतं, ते याच शब्दाचं; लिहिताना तो quente असा लिहितात. हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही, अनेकवचनात फक्त शेवटी ‘श’ लागतो. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी त्याचा उच्चार ‘केंची’ होतो.

‘कलोर’ हे नाम. उष्मा, उकाडा. तो माणसाला होतो, म्हणून ‘इश्तो कों कलोर’, शब्दशः ‘मी उकाड्यासोबत आहे’. आपणही ‘मला उकडतंय’ म्हणतो, ‘मी उकडलोय’ म्हटलं तर बटाटाच डोळ्यांपुढे येईल. हवेबद्दल बोलायचं तर लिस्बनचा माणूस ‘इश्ता कलोर’ म्हणेल. ब्राझीलमध्ये दोन्ही शब्द सर्रास चालतात, तिथे फार डोकं लावू नये.

खरी गंमत क्रियापदात आहे. ‘आग्वा इश्ता केंत’ म्हणजे पाणी आत्ता गरम आहे, घटकाभराने निवेल. ‘कझाकू ए केंत’ म्हणजे कोट उबदार आहे. तो कपाटात गारठून पडलेला असला तरी वाक्य खरंच, कारण ‘ए’ गुण सांगतं आणि ‘इश्ता’ सध्याची अवस्था.

तिखटाला केंत म्हणू नका, त्याला ‘पिकांत’ आहे. नाहीतर रस्सा तिखट लागला म्हणून तक्रार कराल आणि वेटर तो निवेपर्यंत थांबायला सांगेल. जिव्हाळ्याच्या स्वागतासाठी पुन्हा कलोरवरून आलेला ‘कलोरोझु’.

‘पांव केंत’ ही पाटी पोर्तुगालमधल्या बेकऱ्यांवर दिसते: गरम पाव. आपला पाव त्याच ‘पांव’चा. बटाटाही त्यांच्याकडूनच आला, आणि ‘बताता केंत’ म्हणजे कुणालाच हातात नको असलेलं लचांड. ब्राझीलमध्ये तर डब्यात बांधून मिळणारं जेवणच ‘केंचीन्या’, म्हणजे लाडाने ‘गरमागरम’, मग घरी पोचेपर्यंत ते गार का होईना.