टालाहाची काऊंटीतल्या पाट्या आणि त्यांच्यावर झाडलेल्या गोळ्या

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात टालाहाची नावाची काऊंटी आहे. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका किंवा छोटा जिल्हा धरा. सगळा कापसाचा सपाट मुलूख, लोकवस्ती तुरळक. तिथे नदीकाठच्या ग्रॅबॉल लँडिंगवर, एमेट टिल या खून झालेल्या मुलाचं प्रेत जिथे सापडलं असं मानतात तिथे, त्याच्या नावाची पाटी आहे, ती चौथी. आधीच्या तीन पाट्यांचं काय झालं ते सांगायचं तर १९५५ पासून सुरुवात करावी लागते.

एमेट टिल शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा, ऑगस्ट १९५५ मध्ये सुट्टीत आजोळच्या नातेवाइकांकडे आला होता. मनी नावाच्या गावात ब्रायंट कुटुंबाचं किराणा दुकान होतं, तिथल्या गोऱ्या बाईला बघून त्याने शिट्टी मारली एवढ्यावरून तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि सावत्र दीर जे. डब्ल्यू. मायलम यांनी २८ ऑगस्टच्या पहाटे त्याला घरातून उचललं, बेदम मारलं, गोळी घातली आणि प्रेत टालाहाची नदीत टाकलं. वर येऊ नये म्हणून गळ्याला जिनिंगमधला सुमारे ३४ किलोचा लोखंडी पंखा, तोही काटेरी तारेने बांधलेला! त्याच्या आईने, मेमी टिलने, शिकागोत शवपेटी उघडी ठेवायला लावली, लोकांना बघू दे म्हणाली.

खटला चालला याच काऊंटीतल्या समनर गावात. ज्युरी बाराच्या बारा गोरे पुरुष, ६७ मिनिटांत निर्दोष. सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता असं त्यातल्या एकाने सांगितल्याचं तेव्हाच छापून आलं. चारेक महिन्यांत, जानेवारी १९५६ मध्ये, त्याच दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खून केल्याचं कबूल केलं. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी परत खटला चालत नाही, त्यामुळे बिनधास्त.

पण त्या कबुलीत एक मोठी गोम होती आणि मला वाटतं पाट्यांचा अर्धा घोळ तिथूनच सुरू होतो. मारहाण झाली शेजारच्या सनफ्लॉवर काऊंटीतल्या ड्रू गावाजवळच्या एका गोठ्यात. विली रीड नावाच्या १८ वर्षांच्या मुलाने आतून मारण्याचे, ओरडण्याचे आवाज ऐकले होते आणि भर कोर्टात तसं सांगितलंही होतं. पण गोठ्याची जागा मायलमच्या भावाकडे होती, आणि त्याच्यावर खटला झालाच नव्हता म्हणजे तो अजून अडकू शकत होता. मग मासिकातल्या गोष्टीतून गोठाच गायब. नंतरची कित्येक वर्षं लोक तीच गोष्ट खरी धरून चालले आणि सनफ्लॉवर काऊंटी नकाशावरून अलगद बाहेर पडली.

त्यानंतर ५० वर्षं काऊंटीत एकही पाटी नाही. समनरच्या कोर्टासमोर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा मात्र दिमाखात उभा. २००६ मध्ये जेरोम लिटल या काऊंटी बोर्डाच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षाने एमेट टिल स्मारक आयोग काढला, निम्मे काळे निम्मे गोरे सदस्य, आणि २ ऑक्टोबर २००७ ला त्याच कोर्टासमोर टिल कुटुंबासाठी जाहीर माफीनामा वाचला गेला. २००८ मध्ये काऊंटीभर पाट्या लागल्या.

ग्रॅबॉलची पहिली पाटी त्याच वर्षी चोरीला गेली, नदीत फेकली म्हणतात. दुसरी लावली तिच्यावर इतक्या वेळा गोळीबार झाला की शेवटी ३१७ भोकं मोजली. तिसरी जून २०१८ मध्ये लावली, ३५ दिवसांत तिलाही गोळ्या लागल्या. पुढे जुलै २०१९ मध्ये विद्यापीठातल्या काही पोरांचा बंदुका घेऊन त्या पाटीशेजारी हसत काढलेला फोटो बाहेर आला, बोंबाबोंब झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये चौथी आली, सव्वादोनशे किलोची, बुलेटप्रूफ. महिन्याभरात गोरे वर्चस्ववादी तिथे व्हिडिओ काढायला पोचले तर कॅमेऱ्यात टिपले गेले आणि अलार्म वाजल्यावर पळाले. आधीची एक छिद्रं पडलेली पाटी २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात प्रदर्शनाला ठेवली होती. तिच्यावरचा मजकूर वाचायची गरजच नव्हती. गंमत म्हणजे प्रेत नेमकं ग्रॅबॉललाच सापडलं का यावर अजून वाद आहे, काही जणांच्या मते जागा वेगळीच.

मनीच्या दुकानाची तऱ्हा तर विचारूच नका. त्याच्यासमोर २०११ मध्ये राज्याच्या फ्रीडम ट्रेलची, म्हणजे नागरी हक्क चळवळीच्या जागा दाखवणाऱ्या योजनेची, पाटी लागली, २०१७ मध्ये कोणीतरी ती ओरबाडली आणि फोटो-मजकुराचा थरच सोलून काढला. दुकानाची मालकी ज्युरीत बसलेल्या एकाच्या कुटुंबाकडे. नागरी हक्क वारशाच्या नावाने दोन लाख डॉलरच्या वर सरकारी अनुदान मिळालं, त्यातून शेजारचा जुना पेट्रोल पंप चकाचक झाला. दुकानाचं छप्पर केव्हाच कोसळलंय, भिंतींवर वेली चढल्यात.

२५ जुलै २०२३ ला, एमेटच्या वाढदिवशी, राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एमेट आणि त्याच्या आईच्या नावाने राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. त्यात ग्रॅबॉल, समनरचं कोर्ट आणि अंत्यविधी झाला ते शिकागोचं चर्च अशा तीन जागा आल्या. ड्रूचा गोठा त्या यादीत नव्हता.