पांढरा कुडा आणि काळा कुडा: एका नावाच्या दोन साली

सह्याद्रीच्या उतारावर पावसाच्या तोंडाशी पांढऱ्या फुलांनी भरणारी दोन झाडे ‘कुडा’ याच नावाने ओळखली जातात, दोन्ही कण्हेरीच्या कुळातली आहेत आणि दोन्हींची फांदी मोडली की दुधासारखा चीक येतो. त्यामुळे औषधासाठी साल आणायला गेलेला माणूस भलत्याच झाडापाशी थांबतो. अतिसार आणि आवेवरचे औषध म्हणून प्रसिद्ध असलेली साल मात्र पांढऱ्या कुड्याचीच, म्हणजे कुटजाची.

चरकसंहितेने कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव थांबवून शोषणाऱ्या द्रव्यांत कुटजाच्या सालीला अग्रस्थान दिले आहे. तिचा जहाल कडूपणा कोनेसीनसारख्या अल्कलॉइडांमुळे, म्हणजे वनस्पतीतल्या नत्रयुक्त रसायनांमुळे, येतो आणि कोनेसीन आवेच्या अमिबावर काम करते. वरचे खरबरीत बूच तासून आतली साल घेतात. ती वाळवून कुटजारिष्ट (आंबवलेला काढा) आणि कुटजघनवटी (आटवलेल्या काढ्याच्या गोळ्या) करतात. पण मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती पुटपाकाची रीत. ओली साल तांदळाच्या धुवणात वाटून तिचा गोळा जांभळीच्या पानांत गुंडाळतात, वरून मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजतात आणि मग पिळून निघालेला रस मधाबरोबर देतात.

काळ्या कुड्याची साल कुटज म्हणून विकली जाते, परंतु तिच्यात तो कडूपणा नाही आणि कोनेसीनही औषधाला पुरेल इतके नाही. पण तेवढ्यावरून ते झाड निरुपयोगी ठरत नाही: त्याच्या पानांपासून निळा रंग मिळतो, सिद्धवैद्यकात, म्हणजे तमिळनाडूच्या पारंपरिक वैद्यकात, ती पाने खोबरेल तेलात घालून उन्हात ठेवतात व ते तेल सोरायसिसवर लावतात, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी याच्याच पांढऱ्या, मऊ लाकडाची असतात.

ओळख पटवायची ती झाड उभे असतानाच. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी तंतूंची झालर असते, पांढऱ्याच्या फुलात ती नसते. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा एकमेकींपासून सुट्या लोंबतात, तर काळ्याच्या दोन शेंगा पिकेपर्यंत टोकांशी जुळलेल्या राहतात. बियांची नावेही हाच भेद सांगतात: पांढऱ्याचे कडू इंद्रजव, काळ्याचे गोड इंद्रजव. दुकानातल्या वाळलेल्या तुकड्याला ना पान असते ना शेंग. तेथे खरी साल कडकन, रवाळ मोडते आणि जिभेवर तिचा कडूपणा बराच वेळ रेंगाळतो, एवढीच खूण हाती उरते. साल काढताना खोडाभोवती पूर्ण वलय सोलू नये, कारण त्याने झाड वाळते. एका बाजूची अरुंद पट्टी घ्यावी.