पॅरिशच्या वह्या: इंग्लंडच्या खेड्यांतील नोंदी आणि त्यांमागचे कायदे

इंग्लंडच्या खेड्यातले एखादे घराणे मागे शोधत गेले की १८३७ पाशी वाट बदलते. १ जुलै १८३७ पासून तिथे जन्म, मृत्यू आणि विवाहाची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्याआधीच्या शेतमजुराचा किंवा लोहाराचा माग काढायचा तर मुख्य आधार पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) वहीचा, म्हणजे गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींचा. वंशावळ जुळवणाऱ्यांसाठी ही वही कुणी ठेवली नव्हती. कधी कर हवा होता, कधी लोकरीचा धंदा राखायचा होता, कधी चोरून होणारी लग्ने थांबवायची होती, आणि त्या-त्या वेळच्या गरजेप्रमाणे रकाने बदलत गेले. म्हणून नोंद हाती आली की आधी साल पाहावे आणि त्या साली कोणता कायदा चालू होता ते आठवावे.

सुरुवात सप्टेंबर १५३८ ची. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने वही ठेवावी, आठवड्याच्या नोंदी दर रविवारी चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) समोर लिहाव्यात आणि वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी. चुकल्यास दंड ३ शिलिंग ४ पेन्स. हा नव्या कराचा डाव आहे अशी आवई तेव्हाच उठली. सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदाच्या होत्या आणि त्या ओलीने, उंदरांनी किंवा दुर्लक्षाने गेल्या. १५९८ मध्ये आदेश निघाला की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढाव्यात, विशेषतः एलिझाबेथ राणी गादीवर आल्यापासूनच्या. या ‘विशेषतः’चा फायदा अनेक लेखनिकांनी घेतला आणि त्याआधीची वीस वर्षे सरळ सोडून दिली. इतक्या गावांच्या वह्या नेमक्या १५५८ पासून सुरू होतात त्या यामुळे. चाळीस वर्षांच्या नोंदी एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईत दिसल्या तर ती नक्कल आहे असे धरावे. नक्कल करताना गळलेले नाव किंवा चुकलेले साल मुळात तसेच होते असे मानू नये.

त्याच सुमारास दरवर्षीच्या नोंदींची प्रत बिशपकडे पाठवण्याची पद्धत बसवली गेली. मूळ वही जळालेली किंवा कुजलेली असली तर या प्रतींवर काम भागते. मूळ वही असली तरीही प्रत पाहावीच. कधी पाद्री प्रतीत मुलाच्या आईचे नाव घालतो आणि वहीत ते नसते, कधी उलट होते.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते तारखांत. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई. समजा वहीत बाप्तिस्मा १४ नोव्हेंबर १७२० चा आहे आणि त्याच बाळाचे दफन १० फेब्रुवारी १७२० ला. आधी पुरले आणि मग बाप्तिस्मा दिला, असा उलटा क्रम दिसतो. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७२१ चा, म्हणजे मूल तीन महिन्यांचे होऊन गेले. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख टिपताना दोन्ही साले, १७२०/२१ अशी लिहावीत. नाहीतर पुढे कुणीतरी ती ‘दुरुस्त’ करतो आणि घोळ वाढतो. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. मधल्या तारखांची नोंद शोधत बसू नये, ते दिवस झालेच नाहीत. १७३३ पर्यंत काही वह्या लॅटिनमध्येही सापडतात. त्यांतला गुलिएल्मस म्हणजे विल्यम आणि जाकोबुस म्हणजे जेम्स.

१६४२ पासूनच्या, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवीत पाद्री हाकलले गेले, वह्या लपवल्या गेल्या किंवा नुसत्या पडून राहिल्या. १६५३ च्या कायद्याने नोंदीचे काम गावाने निवडलेल्या माणसाकडे आणि लग्न लावण्याचे काम न्यायाधीशाकडे गेले, आणि बाप्तिस्म्याऐवजी जन्मतारीख लिहायची ठरली. १६६० मध्ये राजेशाही परत आल्यावर ही व्यवस्था मोडली. या काळात जन्मलेल्या माणसाची नोंद मिळत नसेल तर १६६० नंतरची पानेही चाळावीत, कारण काहींचा बाप्तिस्मा मोठेपणी झाला. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रौढांच्या बाप्तिस्म्यासाठी वेगळा विधीच घातला गेला.

दफनाच्या नोंदीशेजारी ‘शपथपत्र’ असा शेरा दिसला तर तो लोकरीच्या कायद्याचा. १६७८ पासून मृतदेह इंग्लिश लोकरीच्या कापडातच पुरावा लागे, तशी शपथ आठ दिवसांत द्यावी लागे, आणि न दिल्यास ५ पौंड दंड. साथीने मेलेल्यांना सूट होती.

खरा बदल २५ मार्च १७५४ चा, हार्डविक यांच्या विवाहकायद्याचा. तोवर लग्नाची नोंद म्हणजे बहुधा दोन नावे आणि तारीख. आता लग्नासाठी स्वतंत्र वही आली आणि नवरा-नवरी, दोन साक्षीदार आणि पाद्री यांच्या सह्या आल्या. तीन रविवार चर्चमध्ये होणाऱ्या लग्नाचा जाहीर पुकारा करणे किंवा परवाना काढणे सक्तीचे झाले. क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडले तर सगळ्यांनाच पॅरिश चर्चमध्ये लग्न करावे लागले, त्यामुळे इतर पंथांची माणसेही या वहीत सापडतात. साक्षीदार अनेकदा भाऊ, बहीण किंवा मेहुणा असतो आणि तिथून पुढचा धागा मिळतो. एकच साक्षीदार पानोपानी येत असेल तर तो चर्चचा कारकून समजावा आणि सोडून द्यावा. ‘या पॅरिशचा’ या शब्दांवरही फार भरवसा नको, काही आठवडे राहिलेल्यालाही तसे लिहिलेले असते. लग्न बहुधा मुलीच्या गावी होई, पण पुकारा दोन्ही गावांत. म्हणून पुकाऱ्याची वही मिळाली तर मुलाचे गाव कळते.

१७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता, निराधारांना माफ. कर लागू होण्याआधी काही घरांनी सगळी मुले एकदम नेऊन बाप्तिस्मा उरकला. एका दिवशी चार भावंडे दिसली तर ती जुळी-तिळी समजण्याची घाई करू नये. नावापुढे निराधार असल्याची खूण असली तरी तेवढ्यावरून घर कंगाल होते असे ठरत नाही, काही पाद्री गरिबांचे ३ पेन्स वाचवायला ती सढळ हाताने घालत.

याच काळात यॉर्कमधल्या विल्यम डेड या पाद्रीने आखलेली वही म्हणजे शोधणाऱ्याचे नशीबच. बाप्तिस्म्याच्या एकाच नोंदीत जन्मतारीख, बापाचा धंदा, आईचे माहेरचे नाव आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. यॉर्कशायरच्या बऱ्याच पॅरिशनी ही पद्धत उचलली, पण लिहिण्याचा त्रास फार, आणि १८१३ पासून रोझ यांच्या कायद्याने सगळीकडे छापील नमुना आल्यावर ती बंद पडली. त्या नमुन्यात बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण मिळते, दफनाला वय मिळते, पण आईचे माहेर मिळत नाही.

दफनातले हे वय मात्र फार उपयोगाचे, त्यावरून जन्माचे साल काढता येते. शोध नेहमी उलट, आजकडून मागे करावा. १८५१ च्या जनगणनेत जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो, तिथून वहीकडे जावे. १८४१ च्या जनगणनेतली १५ वर्षांवरची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात, म्हणून ३५ म्हणजे ३५ ते ३९. बाप्तिस्मा जुळला की त्या नावाच्या मुलाचे दफन लगेच पुढच्या वर्षांत आहे का ते तपासावे. बाळ गेल्यावर तेच नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती, आणि मेलेल्या मुलाच्या नावावर पिढ्या चढवलेल्या वंशावळी ढिगाने आहेत. गावात काही मिळाले नाही तर नकाशावर भोवतालचे पॅरिश मांडून एकेक पाहावेत. अविवाहित शेतगडी वर्षाच्या करारावर गाव बदलत. पूर्ण वर्षाची चाकरी झाली की नव्या गावात वसाहतीचा हक्क मिळे आणि गरिबीत पोसण्याची जबाबदारी त्या गावावर येई. १६६२ च्या वसाहत कायद्याखाली झालेले जाबजबाब आणि गावाबाहेर धाडण्याचे हुकूम यांत माणसाचा पूर्वीचा ठावठिकाणा स्पष्ट असतो. वहीत हरवलेला माणूस अनेकदा या कागदांत सापडतो.

१९७८ च्या नियमानंतर शंभर वर्षांहून जुन्या वह्या सहसा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) अभिलेखागारात ठेवल्या जातात. आता बऱ्याच फॅमिलीसर्च आणि फाइंडमायपास्ट या संकेतस्थळांवर आहेत. सूचीतले नाव सापडले तरी पानाची प्रतिमा उघडून पाहावी, समासातला शेरा सूचीत उतरत नाही.

काही धागे आपल्याकडे येऊन पोचतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन मुंबई इलाख्यात मेलेल्या खेडुताचे दफन त्याच्या गावच्या वहीत नसते. इथल्या पाद्रींनी लंडनला पाठवलेल्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत, बंगालच्या एन/१ आणि मद्रासच्या एन/२ मध्ये. त्यांत शोधताना पुणे ‘पूना’ आणि खडकी ‘किर्की’ अशा जुन्या स्पेलिंगने पाहावे.