प्ले-ऑफ (आंतरराष्ट्रीय फुटबॉल)

विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत थेट प्रवेश हुकलेल्या, पण पूर्णपणे बादही न झालेल्या संघांमध्ये उरलेल्या जागांसाठी होणारे सामने म्हणजे प्ले-ऑफ. बहुधा गटविजेते थेट पात्र ठरतात आणि मागे राहिलेल्यांना ही वाट धरावी लागते. दोन वेगवेगळ्या खंडांचे संघ समोरासमोर आले, तर तो आंतरखंडीय प्ले-ऑफ. दक्षिण अमेरिकेच्या वाट्याला विश्वचषकाच्या ‘साडेचार जागा’ आहेत, असे अनेक वर्षे म्हटले जाई. त्यातली अर्धी जागा या सामन्यांतून ठरे.

जुन्या पद्धतीत दोन लढती होत, एक घरच्या मैदानावर आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या. दोन्ही निकालांची बेरीज सारखी आली, की परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाई. या नियमाचा चटका ऑस्ट्रेलियाला बसला तसा क्वचितच कुणाला बसला असेल. १९९७ मध्ये तेहरानला इराणशी १-१ बरोबरी झाली. २९ नोव्हेंबरला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलिया २-० ने पुढे होता. शेवटच्या वीस मिनिटांत करीम बाघेरी आणि खोदादाद अझीझी यांनी गोल केले, सामना २-२ असा सुटला आणि इराण पात्र ठरला. सगळ्या पात्रता फेरीत एकही सामना न हरता ऑस्ट्रेलिया घरी बसला.

मुळात ओशनिया खंडाला (ऑस्ट्रेलिया तेव्हा ज्यात होता तो पॅसिफिक देशांचा गट) हक्काची जागाच नव्हती, त्यामुळे तिथल्या विजेत्यालाही प्ले-ऑफ चुकत नसे. १९८५ मध्ये स्कॉटलंडने, १९९३ मध्ये अर्जेंटिनाने आणि २००१ मध्ये उरुग्वेने ऑस्ट्रेलियाला याच पायरीवर अडवले. अखेर १६ नोव्हेंबर २००५ ला सिडनीत उरुग्वेचा हिशेब चुकता झाला. गोलरक्षक मार्क श्वार्झरने शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरी फोडण्यासाठी आळीपाळीने मारल्या जाणाऱ्या पेनल्टींत, दोन पेनल्टी अडवल्या, जॉन अलोइसीने निर्णायक पेनल्टी मारली आणि १९७४ नंतर प्रथमच विश्वचषकाचे दार उघडले. पुढच्याच वर्षी हा देश आशियाई महासंघात गेला. पण प्ले-ऑफने तिथेही पाठ सोडली नाही. जून २०२२ मध्ये पेरूविरुद्ध जादा वेळेच्या अगदी अखेरीस कर्णधार मॅट रायनला बाहेर काढून अँड्र्यू रेडमेनला गोलमध्ये उभे केले गेले. गोलरेषेवर नाचत, हातवारे करत त्याने सहावी पेनल्टी अडवली.

वादाचा विषय निघाला, की २००९ ची फ्रान्स-आयर्लंड लढत हमखास आठवते. जादा वेळेत फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवला, मग विल्यम गॅलासकडे ढकलला आणि गोल झाला. पंचांना काही दिसले नाही. व्हिडिओ पंच तेव्हा नव्हते.

युरोपने २०२२ च्या विश्वचषकासाठी दोन लढतींऐवजी एकाच सामन्यात निकाल लावायला सुरुवात केली. नव्वद मिनिटांच्या जुगारात छोट्या संघाला संधी जास्त, हे लगेच दिसले: २४ मार्च २०२२ ला पालेर्मोत नॉर्थ मॅसेडोनियाच्या त्रायकोव्स्कीने भरपाई वेळेत गोल केला आणि युरोपचा विजेता इटली सलग दुसऱ्यांदा विश्वचषकाबाहेर राहिला.

२०२६ साठी संघ ४८ झाले. युरोपच्या १६ पैकी चार जागा प्ले-ऑफमधून ठरवायच्या होत्या. आंतरखंडीय प्ले-ऑफ मेक्सिकोत सहा संघांचा, दोन जागांसाठीचा ठरवला गेला, त्यात युरोप नाही. ओशनियाला मात्र प्रथमच थेट जागा मिळाली. मार्च २०२५ मध्ये न्यू कॅलेडोनियाला ३-० ने हरवून न्यूझीलंडने ती घेतली, आणि प्ले-ऑफची वाट न्यू कॅलेडोनियाच्या वाट्याला आली.